आडनाव आधी, कागद नंतर

मराठी माणसाला आडनावे इंग्रजांनी दिली, असे विधान अलीकडे फार बिनधास्तपणे केले जाते. व्याख्यानांत ते ऐकू येते, कुळांच्या स्मरणिकांत छापले जाते, आणि जुन्या दप्तरांची शोधाशोध वाढल्यापासून त्याला पुराव्याची जोडही मिळू लागली आहे. विधानाचा आशय असा: पेशवाई बुडेपर्यंत माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जाई, १८१८ नंतर मोजणी आली, शाळा आली, पलटण आली, आणि साहेबाच्या कारकुनाने तिसरे नाव विचारले तेव्हा कुणी गाव सांगितले, कुणी धंदा सांगितला, कुणाला कारकुनानेच काहीतरी चिकटवून दिले. पुरावा म्हणून एकोणिसाव्या शतकातला एखादा कागद पुढे केला जातो. त्यात ‘राघू बिन बाळू कुणबी’ अशा थाटाची नोंद असते आणि आडनाव नसते. कागद अस्सल असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

हा निष्कर्ष घासून पाहायला पुणे–नगर रस्त्यावरचे शिक्रापूर आणि भोवतालचा शिरूर तालुका सोयीचा आहे. पेशव्यांचे पुणे येथून घोडेस्वाराला दिवसाभराच्या वाटेवर. जवळची पाबळ आणि केंदूर ही गावे मस्तानीला इनाम दिलेली. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, पेशवाई बुडण्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजी फौजेची छावणी होती. १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची खते काढून जाळली त्या पट्ट्यातही हा तालुका येतो. जुन्या आणि नव्या दोन्ही राजवटींचे कागद येथे एकाच गावापुरते शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

सर्वांत साधा पुरावा रस्त्याच्या पाटीवर आहे. शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे निघाले की तळेगाव ढमढेरे लागते. पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन, म्हणून एक ढमढेऱ्यांचे आणि दुसरे दाभाड्यांचे. दाभाड्यांपैकी खंडेराव १७१७ मध्ये शाहूचे सेनापती झाले. ढमढेरे हे पेशवाईतले सरदार घराणे. गावाची ओळख पटवायला घराण्याचे आडनाव जोडावे लागले, याचा अर्थ ते आडनाव पंचक्रोशीत गावाच्या नावापेक्षा पक्के होते. ‘गावाच्या नावाला “कर” लावून आडनाव झाले’ हे सूत्र येथे उलटे चालते. आडनावाने गावाला नाव दिले आहे, आणि तेही कुठल्याही मोजणीदाराची वाट न पाहता.

कुणी म्हणेल, सरदारांची गोष्ट वेगळी. साध्या कुणब्याला कुठले आले आडनाव? याचे उत्तर खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. पुण्याचे कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यांनी १८२१ मध्ये मिरासीबद्दल, म्हणजे जमिनीच्या वंशपरंपरागत हक्काबद्दल, सविस्तर अहवाल पाठवला. पुढे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी असलेल्या साइक्स यांनी दख्खनच्या जमीनधाऱ्यावर निबंध लिहिला आणि तो १८३०च्या दशकात लंडनमध्ये छापला गेला. दोघांनाही गावोगाव एकच व्यवस्था दिसली. गावाची जमीन थळांत वाटलेली, प्रत्येक थळ मूळ घराण्याच्या नावाने चालत आलेले, आणि घराण्यातल्या भाऊबंदांचा जथा सरकारी देण्याला एकत्र जबाबदार. थळझाडा नावाच्या कागदात ही थळे ओळीने मांडलेली असत. घराणे दुष्काळात परागंदा झाले, निर्वंश झाले, तरी थळाचे नाव बदलत नसे. ती जमीन गतकुळी म्हणून लिहिली जाई आणि गेलेल्या कुळाचे नाव तिच्यावर राही. पुढे पाटलाने ती उपऱ्याला कसायला दिली, तरी तो उपरी त्या कुळाच्या थळात नांगर चालवी. ज्या घराण्यात कागद करायला माणूसच उरला नाही, त्याचे आडनाव शेताला पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहते, ही वस्तुस्थिती एकटीच मूळ विधान खोडायला पुरेशी आहे.

वतनाच्या भांडणांचे कागद याहून बोलके आहेत. पाटीलकी निम्मी विकली, मोठ्या घराने धाकट्याचा मान नाकारला, दुष्काळात परागंदा झालेला भाऊ परत आला, अशा तंट्यांत गोत बसे आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. पेशवे दप्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेल्या साधनांत असे महजर भरपूर आहेत. हजर मजालसीची यादी वाचली की एक फरक लगेच लक्षात येतो. देशमुख, देशपांडे आणि मोकदम यांच्या नावांना उपनाम बहुधा जोडलेले असते. एका गावात दोन आडनावांचे पाटील असतील तर ते गाळून चालतच नाही, कारण भांडण त्याच दोन घरांचे असते. त्याच यादीत पुढे कुंभार, न्हावी, चांभार, महार यांची नावे येतात ती नाव आणि जात एवढीच. येथे लेखक घाईत नाही आणि कुणाचा अपमानही करत नाही. तंट्यात ज्याचे घराणे ओळखण्याची गरज आहे त्याचे घराणे तो लिहितो. बलुतेदार गावाचा साक्षीदार म्हणून आलेला असतो आणि त्याचे बलुते हीच त्याची साक्षीतली ओळख असते.

म्हणजे ज्याचे उपनाम लिहिले नाही त्याला ते नव्हते, असे म्हणता येईल का? शिवाजी महाराजांची राजमुद्रा पाहावी. तिच्यात बापाचे नाव आहे, शहाचा मुलगा असा उल्लेख आहे. भोसले हा शब्द नाही. पेशव्यांच्या कागदांवर बाळाजी विश्वनाथ प्रधान, बाजीराव बल्लाळ प्रधान असे येते. भट हे आडनाव तेथे शोधूनही हाती लागत नाही. नाना फडणीस स्वतःला बाळाजी जनार्दन म्हणवीत आणि त्यांच्या घराण्याचे आडनाव भानू. ‘कागदात नाही म्हणजे नव्हते’ हा नियम खरा धरला, तर भोसल्यांनाही आडनाव इंग्रजांनीच दिले असे कबूल करावे लागेल. राघू कुणब्याला लावलेला नियम छत्रपतींना लावायचा नाही, असे करायचे असेल तर तसे कारण तरी सांगावे लागते. आजवर ते कुणी सांगितलेले नाही.

नाव आणि बापाचे नाव ही त्या काळची औपचारिक रीत होती. आडनाव त्या रीतीबाहेर, पण जगण्याच्या आत होते. त्याची रोजची गरज सोयरिकीत पडे. एका कुळात, एका देवकात लग्न होत नाही, हा निर्बंध पाळायचा तर समोरचे घर कुठले हे ठाऊक हवेच. १८८५ मध्ये छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातीगणिक माहिती दिली आहे. त्यात जातीमागून जातीची आडनावे लिहिली आहेत आणि सारख्या आडनावात लग्ने होत नाहीत, असा शेराही पुन्हा पुन्हा येतो. लग्नाचा असा निर्बंध एखाद्या कारकुनाने नुकत्याच वाटलेल्या नावांवर उभा राहत नाही. तो उभा राहायला पिढ्या जाव्या लागतात. मुलीचे स्थळ आले की आजही पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा देवकाचा असतो, हे शिक्रापुरात काय आणि इतरत्र काय, वेगळे सांगायला नको.

पाटील–कुणब्यांपलीकडे पाहिले तरी हेच दिसते. पुणे जिल्ह्यात गावची राखण करणाऱ्या रामोशांवर कॅप्टन मॅकिंटॉश यांनी १८३३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात रामोशांचे चव्हाण आणि जाधव असे दोन मुख्य भेद दिले आहेत. त्यांच्यातलेच, बंडाबद्दल १८३२ मध्ये फाशी गेलेले उमाजी नाईक; त्यांचे आडनाव खोमणे. नाईक ही पदवी. सरकारी टिपणांत ते उमाजी नाईक एवढेच राहिले. ज्या सरकारने आडनावे वाटली असे म्हणतात, त्याने ज्याला सर्वांत जास्त शोधले त्याचेही आडनाव लिहायची फिकीर केली नाही.

याचा सर्वांत टिकाऊ दाखला दगडात आहे. शिक्रापूरहून पुण्याकडे निघाले की सणसवाडी ओलांडल्यावर कोरेगाव भीमा येते आणि भीमेच्या पुलापलीकडे पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईत कामी आलेल्या शिपायांची नावे कंपनी सरकारने त्यावर कोरली. महार शिपायांची नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून चटकन ओळखू येतात: शिपायाचे नाव, मागे बापाचे नाव, दोन्हींना ‘नाक’. आडनाव नाही. हे इंग्रजांचे स्वतःचे, खास सन्मानाने कोरलेले लेखन आहे, आणि त्यांच्या पलटणीच्या हजेरीपटाची रीत तीच होती. पलटणीत भरती झाली आणि आडनाव मिळाले, या म्हणण्याला शिक्रापूरच्या वेशीपासून काही कोसांवरचा हा दगडच आडवा येतो.

मोजणीचीही गोष्ट तशीच. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी इंदापूरपासून १८३०च्या दशकात सुरू झाली आणि पुढे जिल्हाभर पसरली. तिने जमिनीला सर्व्हे नंबर दिले. खातेदाराच्या नावाची नोंद मात्र कुलकर्ण्याच्या जुन्याच हाताने होत राहिली: अमुक बिन तमुक. शेताला नंबर मिळाल्यावर माणसाच्या घराण्याचे नाव लिहिण्याची गरज उलट कमी झाली. पूर्वी थळाच्या नावावरून जमीन ओळखली जाई, आता आकड्यावरून. मोजणीने आडनाव दिले नाही. जमिनीच्या कागदातून ते काही काळ बाहेर काढले, असे म्हणणे सत्याच्या जास्त जवळ जाते. १८७५च्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला, शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे करावे लागू लागले, आणि तेथेही बराच काळ ‘बिन’वरच भागले. घेणारा, देणारा आणि लिहिणारा एकमेकांना ओळखत होते.

असा समज फक्त महाराष्ट्रात आहे असे नाही. हॉलंडमध्ये तो जवळजवळ लोककथा होऊन बसला आहे. १८१० मध्ये नेपोलियनने तो देश फ्रान्सला जोडला आणि १८ ऑगस्ट १८११च्या हुकुमाने प्रत्येक कुटुंबाला कायम आडनाव नोंदवणे सक्तीचे केले. गोष्ट अशी सांगतात की, ही फ्रेंचांची ब्याद चार दिवसांची आहे असे समजून लोकांनी थट्टेने वेडीवाकडी नावे लिहून दिली, फ्रेंच गेले आणि नावे राहिली. ‘नागडा जन्मलेला’ अशा अर्थाचे नाक्टखेबोरन हे आडनाव तेथे दाखला म्हणून सांगतात. प्रत्यक्षात हे नाव १८११च्या आधीच्या नोंदींत सापडते. देशाच्या पश्चिम भागात बहुतेक कुटुंबांना तोवर आडनावे होतीच. खरी अडचण फ्रीसलंडसारख्या उत्तरेकडच्या प्रांतांत होती, जेथे पीटरचा मुलगा यान हा ‘यान पीटर्स’ एवढेच लावी आणि पुढच्या पिढीत ते बदले. आपल्या ‘बिन’चीच ही जात. तेथेही नाव स्वीकारल्याच्या नोंदवहीत आधीपासून चालत असलेले आडनाव सांगून ते कायम करून घेणारी कुटुंबे होती. वहीचे शीर्षक ‘नाव स्वीकारले’ असे असल्यामुळे दोनशे वर्षांनी वाचणाऱ्याला प्रत्येक नाव त्या दिवशी जन्मले असे वाटते. नोंदणीला लोक इतके ढिले होते की १८२५ मध्ये राजा पहिला विल्यम याला तोच हुकूम पुन्हा काढावा लागला.

हॉलंडमध्ये निदान हुकूम तरी होता. त्याची तारीख सांगता येते, नोंदवह्या दाखवता येतात. मराठी मुलखात प्रत्येकाने आडनाव घ्यावे असा इंग्रजांचा सर्वसाधारण हुकूम कुणी दाखवत नाही. ‘साहेबाच्या कारकुनाने विचारले’ एवढ्यावरच गोष्ट थांबते. राज्यकर्त्यांनी खरोखर आडनावे दिली ती शेजारी गोव्यात. धर्मांतराबरोबर पोर्तुगीज आडनाव आले, बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळच्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे, आणि कामत, प्रभू, नाईक अशी जुनी नावे मागे पडली. देणे याला म्हणतात. घाटावर तसे काही घडले नाही.

मग विधानात खरे किती? काही आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ज्यांना वतन नव्हते, मिरास नव्हती, एका गावात टिकून राहणे नव्हते, त्यांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव कित्येकदा नवे असते. पोट भरायला मुंबईला गेलेला माणूस गिरणीत नाव लावताना गावाचे नाव सांगे, आणि मुलांना तेच लागे. भटक्या जमातींत आणि आदिवासी पाड्यांवर मास्तराने नाव घातले, हे अनेक घरांत आजही सांगतात आणि ते खोटे मानण्याचे कारण दिसत नाही. पण तेथेही नव्या नावामागे जुने नाव असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर, आणि साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’. हे रूप शिक्षकाच्या आडनावावरून आले असे कित्येक चरित्रांत सांगितले आहे. ते खरे धरले तरी रजिस्टराने रिकाम्या जागी आडनाव भरले असे होत नाही. सकपाळ आधी होतेच.

इंग्रजी अमलाने खरोखर केले ते वेगळेच. एका घराला असलेल्या दोन-तीन नावांपैकी एक नाव त्याने पक्के केले आणि बाकीची मारून टाकली. आधी माणूस कुळाने मोरे, आडनावाने आंबिले असू शके. तुकारामबोवांच्या बाबतीत दोन्ही नावे सांगितली जातात आणि त्यात विसंगती कुणाला वाटत नाही. लोकहितवादींचे घराणे सिद्धये, पण वतनामुळे देशमुख. शाळा, कचेरी आणि विद्यापीठ यांना असे दुहेरी नाव चालत नाही. तेथे रकाना एक, म्हणून नाव एक. स्वतःचे, बापाचे आणि आडनाव ही तिपेडी रीत या रकान्यांनी घट्ट केली आणि हळूहळू ती सर्व थरांत नेली. हे काम लहान नव्हे. पण त्याला निर्मिती म्हणता येत नाही.

या समजाला वैतागून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, त्यांचाही येथेच समाचार घेतला पाहिजे. त्यांच्या मते प्रत्येक आडनाव अनादी आहे, शहाण्णव कुळांच्या यादीत बसते आणि थेट सूर्यवंशाला किंवा चंद्रवंशाला जाऊन भिडते. महात्मा फुल्यांचे घराणे मूळ कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि पेशवाईतच फुले झाले. होळ गावावरून होळकर झाले ते अठराव्या शतकात. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही हुद्द्यांची नावे असून हुद्दा मिळाल्याखेरीज ती लागत नव्हती. आडनावे जुनी होती याचा अर्थ ती अचल होती असा नाही. मस्तानीचे उदाहरण तर शिक्रापूरच्या उशालाच आहे. पाबळला तिची कबर, पण तिच्या आणि बाजीरावाच्या मुलाच्या, समशेर बहादूरच्या, वंशाला पेशव्यांचे भट हे आडनाव कधी लागले नाही. तो वंश पुढे बांद्याचे नवाब म्हणून ओळखला गेला. कुणाला कुठले नाव लावू द्यायचे याचा निकाल घराणे आणि जातगोत करीत असे.

हा वाद आता नुसत्या कुतूहलाचा उरलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधताना तालुक्यांच्या अभिलेख कक्षांतले मोडी कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाले. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, कुळ नोंदवही, पाहणी पत्रक. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, या कागदांचे वाचन नीट झाले पाहिजे. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीत मुलाच्या बापाचे नाव आणि जात असते; आडनाव बहुधा नसते, कारण नमुन्याने ते मागितलेलेच नसते. आता ज्याचा आडनावे इंग्रजांनी दिली यावर विश्वास आहे, तो येथे दोन चुका करतो. आपल्या पणजोबाची नोंद समोर असून आडनाव नाही म्हणून तो ती सोडून देतो. किंवा आडनाव नव्हतेच तर राघू कुणाचाही असेल, असे धरून भलताच राघू आपल्या वंशावळीत बसवतो.

अशी नोंद जुळवण्याची वाट दुसरी आहे आणि ती मेहनतीची आहे. नोंदीतल्या बापाचे नाव घेऊन त्याच गावच्या खातेपत्रकात तोच ‘बिन’ शोधायचा. त्याच्या खात्याचा सर्व्हे नंबर मिळाला की पुढचे फेरफार लावत खाली यायचे: वारस नोंद, वाटणी, गहाण, खरेदी. विसाव्या शतकात कुठेतरी त्याच नंबरावर नावापुढे आडनाव लिहिलेले सापडते, आणि तेथून मागे गेले तर भाऊबंदांच्या हिश्शांवरून घराणे उभे राहते. त्याला पडताळा हवा असेल तर नाशिक–त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत. तेथे यजमान गाव आणि आडनाव यांवरूनच शोधला जातो. श्राद्धाला आलेल्या पणजोबाने भावांची, मुलांची, चुलत्यांची नावे त्याच आडनावाखाली सांगून ठेवलेली असतात. उपाध्यायाला जातीचा रकाना भरायचा नव्हता आणि सारा वसूल करायचा नव्हता. पुढच्या वेळी हा यजमान कोणत्या घरचा, एवढेच त्याला ओळखायचे होते. म्हणून कोतवाल बुकात न सापडणारे आडनाव त्याच्या वहीत पानाच्या डोक्यावर असते.